दुसरे टोक कोणाकडे?

गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीतल्या मुलांनी पाच फुटी आकाशकंदील केला. बांबूच्या कामट्या, वर रंगीत कागद, आत दिवा. सगळे मिळून वजन भरले चार किलो. गच्चीच्या कठड्याला एक बांबू बाहेर काढून बांधला, त्याच्या टोकाला कप्पी अडकवली आणि कंदील अंगणातून ओढून वर चढवायचा असे ठरले. मुले हुशार. बांबू पेलेल की नाही हे त्यांनी आधी पाहिले. पाण्याने भरलेली, बादलीसकट सहा किलो वजनाची बादली बांबूच्या टोकाला बांधून रात्रभर तशीच ठेवली. बांबू वाकला, पण मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंदील वर गेला. दोरीचे दुसरे टोक खाली फाटकाला बांधले. टाळ्या झाल्या, फटाक्यांची एक माळ लागली, आणि दहा मिनिटांनी बांबू कडकन मोडून कंदील वाटेत उभ्या असलेल्या दुधाच्या पिंपावर आला. वारा म्हणाल तर पानही हलत नव्हते. सहा किलोला न मोडलेला बांबू चार किलोला मोडला कसा? तळमजल्यावरच्या आजोबांनी दृष्ट लागल्याचे सांगितले. माझ्याकडेही त्याहून चांगले उत्तर नव्हते.

ते उत्तर मला ह्या वर्षी मे महिन्यात मिळाले, तेही आमच्या मामांच्या परसात, एका आंब्याखाली.

मामांचे घर कर्जत आणि खालापूर ह्यांच्या मधल्या एका लहानशा गावात आहे. कर्जत स्टेशनावर उतरायचे, वडा खायचा (तो न खाता पुढे गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही) आणि मग रिक्षा धरायची. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची भिंत, मध्ये भाताची खाचरे. हा मुलूख मुळातच झाडावर चढणाऱ्यांचा. कातकरी आणि ठाकूर ह्या इथल्या जुन्या जमाती. आग्या मोहोळाचा मध काढायचा तर उंच झाडावर किंवा कड्यावर जावे लागते, आणि ते जाणे ह्यांना वाडवडिलांपासून ठाऊक.

पण चढायचे काम त्यांनाच होते असे नाही. भाताचे रोप टाकण्याआधी जमीन भाजायची, तिला राब म्हणतात, हे आपल्यापैकी ज्यांचे आजोळ कोकणात आहे त्यांना माहीत असेल. त्या राबासाठी ऐनाचे टहाळ लागत. हिवाळ्यात शेतकरी कमरेच्या आकडीत कोयता अडकवून ऐनावर चढायचा, फांद्या खाली टाकायचा, त्या वाळवून उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर पसरून पेटवायचा. सरकारने जंगलाचे नियम कडक केले तेव्हा ह्या टहाळावरून एवढी ओरड झाली की १८८५ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारी ऐकायला सरकारला एक कमिशन नेमावे लागले. कुलाब्याचे नाव १९८१ साली रायगड झाले, राब पुष्कळ कमी झाला, पण चढणारे हात आणि पाय अजून शाबूत आहेत. फक्त आता त्यांना बोलावणी येतात ती शेतावरून कमी आणि बागबंगल्यांतून जास्त.

मामांचा आंबा त्यांच्या आजोबांनी लावलेला, रायवळ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, त्या दिवशी ह्या आंब्याची एक मोठी फांदी अर्धवट चिरली. टाळेबंदीचे दिवस, माणूस मिळेना. जो मिळाला त्याने वरचा भार कसाबसा उतरवला आणि हातभर खुंट ठेवून तो निघून गेला. पाचसहा पावसाळे त्या खुंटात मुरले. ह्या वर्षी वरची आणखी एक फांदी वाळली. ती होती बरोबर स्वयंपाकघराच्या कौलांवर. मामी म्हणाल्या, "पावसाआधी ती उतरवा, नाहीतर मी चूल अंगणात मांडते."

मामांनी पहिल्यांदा सबंध झाडच पाडायचा विचार केला होता. पण आंबा, फणस, जांभूळ ही झाडे १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीतली. आपल्या परसातले झाले तरी परवानगीशिवाय मुळापासून तोडता येत नाही. शिवाय अजून दरसाल चारदोन पाट्या आंबा देणारे झाड. तेव्हा वाळलेली फांदी तेवढी उतरवायची असे ठरले आणि ठाकूरवाडीतून बापलेक आले.

बाप मामांच्याच वयाचा, सत्तरीकडे झुकलेला, डाव्या पायाने लंगडत चालणारा. मामा आणि तो दुसरीपर्यंत एका बाकावर होते, त्यामुळे दोघे एकमेकांना 'अरे-तुरे' करतात. मी त्यांना 'बाबा' म्हणालो. मुलगा पंचविशीचा. डोंगरात वाट चुकलेल्या पर्यटकांना सोडवायला जी मंडळी जातात त्यांच्याबरोबर वाटाड्या म्हणून जाता जाता तो दोराचे काम शिकला. त्याच्या पोत्यातून निघाले ते पाहून मामी पदराने तोंड झाकून हसल्या. पट्ट्यांचा कमरबंद, हेल्मेट, लोखंडी कड्या, एक पन्नास मीटर लांब दोर, एक बारीक सुतळी आणि तिच्या टोकाला वाळूची पिशवी.

"एवढे सामान? तुझा बाप नुसत्या पायांनी चढायचा," मामा म्हणाले.

"म्हणून तर लंगडतो," मुलगा म्हणाला. बाप काही बोलला नाही.

मी विचारले, "ह्या दोराने चढतात कसे?" तेव्हा त्याने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

दोराने झाडावर चढायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, एकेरी दोराची. सुतळीने वरच्या बेचक्यातून दोर ओवायचा, त्याचे एक टोक घट्ट बांधून टाकायचे आणि दुसऱ्या बाजूच्या लोंबत्या दोरावरून, शिडीवरून चढावे तसे, पकड सरकवत वर जायचे. दोर हलत नाही, माणूस हलतो. कर्जतच्या डोंगरातला ढाकचा बहिरी ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्या गुहेच्या वाटेवर बांधून ठेवलेला दोर आठवेल. तो एकेरी. दुसरी तऱ्हा दुहेरी दोराची. दोर बेचक्यावरून घालायचा आणि त्याची दोन्ही अंगे आपल्यापाशीच ठेवायची. एक टोक कमरबंदाला बांधलेले, दुसऱ्या अंगावर सरकणारी गाठ, तीही कमरबंदालाच. दोर ओढला की आपण वर जातो आणि गाठ आपल्याला तिथेच धरून ठेवते. खंडाळ्याच्या नागफणीवरून गिर्यारोहक असाच दोर दुहेरी टाकून उतरतात. खाली पोचल्यावर एक टोक ओढले की सगळा दोर हातात येतो.

ती सरकणारी गाठ हीच ह्या विद्येची किल्ली. सैल असताना ती सरकते, भार पडला की आवळते. अशी गाठ गिर्यारोहणासाठी १९३१ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक ह्यांनी लोकांपुढे मांडली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. झाडावर काम करणारे तिच्याच बहिणी वापरतात.

आता दोन्हींत चांगली कोणती? मुलाने बोटे मोडून सांगितले. दुहेरीत हाताला जोर अर्धा पुरतो, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. बारा मीटर चढायचे तर चोवीस मीटर दोर हाताखालून जातो. दोर सालीवर घासतो, त्यामुळे जोर अर्ध्याहून बराच जास्त लागतो आणि झाडाची सालही सोलते. म्हणून बेचक्यात चामड्याची नळी घालायची. दोन्ही अंगे मोकळी लोंबली पाहिजेत, मध्ये डहाळी आली की अडले. पण उतरायला तीच गाठ दाबायची की झाले. फांदीवरून फांदीवर फिरून छाटणी करायला ही तऱ्हा सोयीची.

एकेरीत पायांच्या जोरावर चढता येते, म्हणून उंच झाडावर माणूस कमी दमतो. दोर चारदोन फांद्यांवरून गेला तरी बिघडत नाही आणि साल घासत नाही. उतरणे मात्र नुसत्या गाठीवर होत नाही. दुहेरीत गाठीवर अर्धेच वजन येते. एकेरीत सगळे वजन तिच्यावरच पडते; ती एवढी आवळते की सरकत नाही, आणि सरकली तर तापून वितळायला लागते. म्हणून तिच्याबरोबर घर्षण वाटून घेणारे वेगळे लोखंडी यंत्र लागते.

मुलाने त्या दिवशी एकेरी दोर पसंत केला. आंबा उंच, खाली डहाळ्यांची गर्दी. वाळूची पिशवी तिसऱ्या फेकीला वरच्या एका आडव्या फांदीवरून पलीकडे पडली. दोर ओवला, त्याचे टोक आंब्याच्याच बुंध्याला बांधले. चढण्याआधी दोघांनी दोराला लोंबकळून पाहायचे अशी त्यांची रीत. मुलाने पहिला हिसका दिला आणि वरून चिमूटभर भुसा माझ्या चष्म्यावर पडला.

"थांब," बाबा म्हणाले. भुसा त्यांनी बोटांत चोळून पाहिला. "भिरूड लागलाय. ही खांदी तुला एकदा धरंल. दोनदा नाय धरायची."

मी म्हटले, "बाबा, तो तर एकच आहे. दोनदा कसा?"

बाबांनी परसातल्या विहिरीकडे बोट केले. "पाणी काढताना रहाटावर काय येतं? बादली येते, अन् तू वडतो तेबी येतं."

वाचकहो, त्या क्षणी मला आमचा कंदील आठवला आणि मी मटकन ओट्यावर बसलो.

विहिरीवर दहा किलोची बादली कप्पीवरून ओढताना आपणही दुसऱ्या बाजूने दहा किलोच्या जोराने खाली ओढत असतो. कप्पीच्या वरच्या लाकडाला दोन्ही सोसावे लागतात, म्हणजे वीस. बादली वर आणून दोर खुंटाला बांधला तरी वीसच, कारण आता आपल्याऐवजी खुंट ओढत असतो. तसेच झाडाचे. साठ किलोचा माणूस बुंध्याला बांधलेल्या एकेरी दोरावर लोंबला तर वरच्या फांदीवर एकशेवीस किलोचा भार येतो. सालीच्या घर्षणाने प्रत्यक्षात थोडा कमी, पण शहाण्याने हिशेब दुपटीचाच धरावा. उलट दुहेरी दोरात दोन्ही टोके त्याच माणसापाशी. प्रत्येक अंगावर तीस किलो, दोन्ही मिळून फांदीवर साठ. उंच इमारतीला रंग देणारा कामगार फळीवर बसून स्वतःच दोर ओढत वर जातो, त्याचेही असेच.

गंमत पाहा. एका दोराने दुप्पट भार आणि दुहेरी दोराने एकपट! दोर किती हे महत्त्वाचे नाही. दुसरे टोक कोणाकडे आहे हे महत्त्वाचे. ते जमिनीकडे असेल तर फांदी आपल्याला दोनदा उचलते. आपल्याकडे असेल तर एकदाच. एकेरी दोर खाली न आणता वरच फांदीला फास घालून बांधला तरी भार एकपटच राहतो.

आमच्या मुलांनी बादली बांबूला सरळ बांधली होती, सहाला सहा किलो. कंदील कप्पीवरून फाटकाला बांधला, चाराचे आठ झाले. दृष्ट कोणाची लागली नव्हती.

"मग बुंध्याला बांधायची रीत वाईटच?" मी मुलाला विचारले. तो म्हणाला, तसे नाही. वरचा माणूस जखमी झाला, बेशुद्ध पडला, तर फासाने वरच बांधलेल्या दोरावरून त्याला खालून सोडवता येत नाही. बुंध्याशी दोर नीट यंत्रातून घेतलेला असेल आणि पुरेसा शिल्लक असेल, तर खालचा माणूस त्याला हलके हलके जमिनीवर उतरवू शकतो. फक्त फांदी दुपटीला पुरली पाहिजे, आणि खालचा माणूस भरवशाचा पाहिजे.

मुलगा म्हणाला, "मग ह्याच फांदीवर दुहेरी टाकतो." बाबांनी मान हलवली. "एकदा धरणारीला दोनदा सांगू नये. अन् जिचा भरवसा नाय, तिला एकदापण सांगू नये." शेवटी बुंध्याजवळचे जाड, जिवंत बेचके निवडले. ते थोडे खाली होते आणि तिथून वाळकी फांदी लांब पडत होती, पण ते हिरवे होते. दुहेरी दोर, खाली चामड्याची नळी, आणि कापताना आधाराला कमरेचा आणखी एक आखूड दोर बुंध्याभोवती.

काम तीन तास चालले. फांदी एकदम न तोडता हातभर लांबीचे तुकडे करून, प्रत्येक तुकडा वेगळ्या दोराने बांधून खाली सोडला. कौल एकही फुटले नाही. शेवटच्या खुंटाला त्याने आधी खालून थोडा काप दिला, मग जरा बाहेरून वरचा, आणि उरलेला तुकडा बुंध्याजवळ जिथे सालीचा फुगवटा असतो त्याच्या लगत, फुगवट्याला न दुखवता, सफाईने कापला. खालचा काप आधी नसेल तर पडणारी फांदी बुंध्याची साल सोलत जाते. आणि खुंट लांब ठेवला तर तो कुजतो. २०२० साली नेमके तेच झाले होते. मामा डांबराचा डबा घेऊन उभे होते. मुलगा म्हणाला, "काका, काही लावू नका. त्याची जखम तो भरून काढतो." डांबराने झाड बरे होत नाही हे आता जाणकारही सांगतात.

हे सगळे होत असताना बाबा एका जागचे हलले नाहीत. मुलाच्या दोराजवळ उभे. मामींनी चहा आणला तो तिथेच उभ्याने प्याले. मी कोयत्याने पडलेल्या डहाळ्या बाजूला करायला पुढे झालो तेव्हा त्यांनी माझा हात धरला. धरला म्हणजे दुखेल असा धरला.

"दोराजवळ कोयता नको."

मग त्यांनी पायाची हकीकत सांगितली. पंचवीसएक वर्षांपूर्वी ह्याच बाजूच्या एका बागबंगल्यात ते छाटणीला गेले होते. दोर एकेरी, बुंध्याला बांधलेला. खालचा पोरगा डहाळ्या साफ करत होता. पानांच्या ढिगाऱ्यात बुंध्याचा दोर दिसला नाही आणि कोयत्याचा एक घाव त्याच्यावर बसला. बाबा चार माणसांच्या उंचीवरून खाली आले. दवाखाना, उसनवारी, एक पावसाळा घरात. बंगल्याच्या मालकाने मजुरी पाठवली ती अर्धी, कारण काम अर्धेच झाले होते.

हे त्यांनी रागाने सांगितले नाही. हिशेब सांगावा तसे सांगितले. मामा खाली पाहत होते. सकाळी त्यांनी ह्या कामाचे पैसे घासाघीस करून दोनशे रुपयांनी उतरवले होते. "मागच्या वेळी ह्याच झाडाचे एवढे दिले नव्हते," असे त्यांचे म्हणणे. आपण सगळे असेच करतो. गच्चीतून नारळ पाडणाऱ्याला, खिडकीबाहेर लोंबून रंग देणाऱ्याला, टाकीत उतरणाऱ्याला आपण झाडाचा, भिंतीचा, टाकीचा दर विचारतो. दोर कुठे बांधणार, खाली कोण उभे राहणार, पडला तर दवाखान्यात कोण नेणार, हे विचारत नाही. विचारले तर पैसे वाढतील अशी धास्ती वाटते. वर गेलेला माणूस फांदीच्या भरवशावर असतो असे आपण समजतो. खरे म्हणजे तो खाली उभ्या असलेल्यांच्या भरवशावर असतो, आणि ज्याच्या अंगणात झाड आहे तो त्यांच्यातला पहिला.

निघताना मामांनी पैसे दिले. बाबांनी मोजले आणि दोनशे रुपये जास्त झाले म्हणून परत करू लागले.

"असू दे रे," मामा म्हणाले. "हे दोराजवळ उभा राहिलास त्याचे."

"ते काय काम हाय?"

"तेच काम आहे," मामा म्हणाले.

मुंबईत आल्यावर मी इमारतीतल्या मुलांना जमवले आणि सामान तोलायच्या ताणकाट्याने सगळा प्रयोग करून दाखवला. तुम्हीही करून पाहा. काटा दारावरच्या कडीला अडकवा, त्याच्या आकड्यातून दोरी ओवा, एका टोकाला किलोभर साखरेची पिशवी बांधा आणि दुसरे टोक हाताने धरून ठेवा. काटा दोनच्या आसपास दाखवील. मग तीच पिशवी आकड्याला सरळ लटकवा.

ह्या वर्षीचा कंदील पुन्हा पाच फुटीच आहे आणि वजन पुन्हा चार किलो. चढवताना मुलांनी तो कप्पीवरून न ओढता गच्चीवरून हाताने वर घेतला आणि दोरी बांबूलाच बांधली. बांबूखालची वाट मात्र त्यांनी दोन खुर्च्या आडव्या लावून बंद केली आहे. दुधाचे पिंप यंदा जिन्याखाली असते.